धीर धरा म्हणतात, पण धरायचा कसा?

पत्र

सप्रेम जय ख्रिस्त. माझं वय ५८. माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घर सोडून गेला. त्याआधीच त्याने चर्चला येणं बंद केलं होतं. "मला यातलं काही पटत नाही," एवढंच म्हणाला. नाताळला एक मेसेज येतो, बाकी बोलणं नाही. मी रोज पहाटे उठून त्याच्यासाठी प्रार्थना करते. दरवर्षी देवाला सांगते, या नाताळपर्यंत त्याला घरी आण. सहा नाताळ गेले. प्रार्थना सभेत लोक साक्ष देतात, मागितलं आणि आठवड्यात मिळालं. मला आनंद व्हायला हवा, पण आतून जळफळाट होतो आणि मग माझीच मला लाज वाटते. एक भगिनी म्हणाल्या, तुमचा विश्वास कमी पडतोय. बाकी सगळे म्हणतात धीर धरा. कसा धरायचा ते कोणी सांगत नाही. माझी ही अधीरता पाप आहे का? मी स्वतः काही करावं, की देवाच्या कामात हात घालू नये? माझी बहीण म्हणते, आई खूप आजारी आहे असं त्याला कळवू, धावत येईल. मन होतंय. रोज सकाळी मी त्याला वचनाचं चित्र पाठवते, तो उघडूनही बघत नाही. मुलगी-जावई जवळच राहतात, त्यांचं ठीक चाललंय.
एक आई

उत्तर

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

आधी तुमच्या बहिणीच्या सल्ल्याबद्दल. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच मिटायला हवं. आजारपणाचा खोटा निरोप पाठवू नका. तो येईल, धावतच येईल, याबद्दल मला शंका नाही. पण दारात तुम्ही धडधाकट दिसलात की तसाच परत फिरेल, आणि उद्या खरोखर आजारी पडाल तेव्हा तुमच्या घरून आलेला फोन उचलायला दहा वेळा विचार करेल.

पवित्र शास्त्रातल्या एका आईने असंच काहीसं केलं होतं. रिबकेच्या पोटात जुळी होती तेव्हाच परमेश्वराने तिला सांगितलं होतं की थोरला धाकट्याची सेवा करील. म्हणजे वचन तिच्या पदरात होतंच. पुढे इसहाक म्हातारा झाला, त्याची दृष्टी गेली, तो थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायला निघाला आणि हिचा धीर सुटला. तिने याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळली, थोरल्याचे कपडे धाकट्याच्या अंगावर चढवले, हातात जेवण दिलं आणि आंधळ्या नवऱ्यापुढे त्याला उभं केलं. युक्ती साधली, आशीर्वाद मिळाला. मग एसाव जिवावर उठला, आणि याकोबाला तिने आपल्या भावाकडे, लाबानाकडे पळवून लावलं. थोडे दिवस राहा, म्हणाली. त्या थोड्या दिवसांची २० वर्षं झाली. याकोब परतला तेव्हा इसहाक जिवंत होता, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. रिबकेची आणि त्याची पुन्हा भेट झाल्याचं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तिच्या दाईचा मृत्यू नोंदवला आहे, पण मायलेकरांची भेट नाही. मला उत्पत्तीतली ही गाळलेली जागा त्यातल्या कितीतरी मोठ्या घटनांपेक्षा जास्त बोचते.

आता अधीरता पाप आहे का. तुम्ही अधीरता म्हणता त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. रिबकेने केली ती एक. पहाटे उठून तुम्ही रडता, देवाला जाब विचारता, ती दुसरी. या दुसरीला शास्त्राने दोष दिलेला नाही, उलट तिला शब्द पुरवले आहेत. १३वं स्तोत्र काढा. जेमतेम सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी हे दुःख मनात वागवू, कोठवर माझा शत्रू माझ्यावर वरचढ राहणार? आणि त्या स्तोत्राच्या माथ्यावर काय आहे तेही बघा: मुख्य गवयासाठी. म्हणजे ही तक्रार उशीत तोंड खुपसून एकट्याने करायची नव्हती, ती उपासनेत सगळ्यांनी मिळून गायची होती. ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. तेही तसंच्या तसं ठेवलं आहे. शेवटी दोन गोड ओळी जोडून ते सावरून घ्यायचं कोणाला सुचलं नाही, ही फार मोठी कृपा आहे.

तेव्हा रडा. भांडा. फक्त जे बोलायचं ते त्याच्याशी बोला. देवाविषयीची तक्रार आपण जगाला सांगत फिरतो आणि प्रार्थनेत मात्र गोडगोड बोलतो, त्यातून माणूस आतून वाळत जातो.

त्या भगिनींबद्दल फार लिहीत नाही. हन्ना मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं रडत होती, आणि एकदा परमेश्वराच्या मंदिरात ओठ हलवत, आवाज न काढता प्रार्थना करत होती, तेव्हा एली याजकाला वाटलं बाई पिऊन आली आहे. याजक होता, तरी समोर चाललेली प्रार्थना त्याला ओळखता आली नाही. आपल्या मंडळ्यांमध्येही एलीचे वंशज आहेत. बहुतेक वेळा ते वाईट नसतात. दुसऱ्याचं न संपणारं दुःख बघवत नाही म्हणून त्याला चटकन एखादं कारण चिकटवून मोकळे होतात. हन्नाने नम्रपणे उत्तर दिलं आणि एलीने आपले शब्द फिरवले, शांतीने जा म्हणाला. तुम्हीही त्या भगिनींना एकदा शांतपणे सांगा की ते वाक्य तुम्हाला लागलं. मनात धरून बसू नका.

आता मुख्य मुद्दा. देवाला उशीर का होतोय?

लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय तुम्हाला पाठ असेल. मेंढरू हरवतं, नाणं हरवतं, मुलगा हरवतो. आपण उधळ्या पुत्राचा दाखला सुटा वाचतो, पण तिन्ही दाखले प्रभूने एका दमात सांगितले आहेत, आणि तसे वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मेंढपाळ शोधायला जातो. बाई दिवा लावून घर झाडते. बाप मात्र जात नाही. त्याला मुलाची कमी ओढ होती असं नाही, तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं आणि वय विसरून धावत सुटला. पण धावला तो मुलगा घराकडे वळल्यावर. मेंढरू खांद्यावर टाकून आणता येतं, नाणं झाडून काढता येतं. मुलाला तसं आणता येत नाही, कारण त्याला मन आहे. दूर देशात जाऊन त्याला दंडाला धरून आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला असता. बापाने आधी वाटणी करून दिली, जाऊ दिलं, आणि मग ताटकळत राहिला.

ताई, तुम्ही नोकरी मागत नव्हतात, घर मागत नव्हतात. सभेत ज्यांना आठवड्यात मिळालं त्यांच्या मागण्यांशी तुमची मागणी तोलू नका. तुमची मागणी एका तिसऱ्या माणसाच्या होकारावर अडलेली आहे, आणि तो होकार देव हिसकावून घेत नाही. तुमच्याकडून घेतला नाही, माझ्याकडूनही नाही. यशयाच्या ३०व्या अध्यायात १८वं वचन आहे. त्यात म्हटलं आहे की तुमच्यावर कृपा करावी म्हणून परमेश्वर वाट पाहतो, आणि त्याच वचनाच्या शेवटी, जे त्याची वाट पाहतात ते धन्य. एकाच वचनात दोघंही वाट पाहत आहेत, देवही आणि माणूसही. गेली सहा वर्षं तुम्हाला वाटतंय की तुम्ही एका बंद दारापुढे उभ्या आहात आणि देव पलीकडे बसून दार उघडायचं की नाही याचा विचार करतो आहे. मला चित्र वेगळं दिसतं. तुम्ही आणि तो, दोघंही एकाच बाजूला उभे आहात, रस्त्याकडे तोंड करून. तुमच्यापेक्षा त्याला तुमचा मुलगा जास्त हवा आहे. देवाची वाट पाहणं याचा अर्थ मला तरी असाच लागला आहे: देव ज्याची वाट पाहतो आहे, त्याच्यासाठी त्याच्यासोबत थांबणं. हे मनात बसलं की धीर आपोआप येतो असं नाही, पण एकटेपण कमी होतं, आणि धीराचा मोठा शत्रू तेच असतं.

मोनिका तुम्हाला ठाऊक असेल, संत ऑगस्टीनची आई. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली. मुलगा हुशार, विशीच्या आतच मानी नावाच्या एका पर्शियन धर्मगुरूच्या पंथात गेला, आईचा विश्वास त्याला अडाण्यांचा वाटू लागला. ती एका बिशपकडे गेली, माझ्या मुलाशी बोला, त्याची समजूत घाला म्हणून. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. तो म्हणाला, आत्ता नको, तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. हिने हेका सोडला नाही, रडत राहिली. शेवटी बिशप वैतागून म्हणाला, जा आता, इतक्या आसवांचा मुलगा नाश पावायचा नाही. आपण हे वाक्य मोठ्या भक्तिभावाने सांगतो, पण ते कंटाळलेल्या माणसाच्या तोंडचं आहे, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं.

पुढची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. इ.स. ३८३च्या सुमारास ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. आई बंदरापर्यंत मागे आली, जाऊ नकोस किंवा मलाही ने म्हणून अडून बसली. त्याने थाप मारली की एका मित्राला निरोप द्यायचा आहे, आणि तिला जवळच्या प्रार्थनास्थळी रात्र काढायला लावली. ती रात्रभर देवाकडे एकच मागत होती, याला जाऊ देऊ नकोस. पहाटेपर्यंत जहाज निघून गेलं होतं. प्रार्थनेला इतकं स्वच्छ 'नाही' क्वचित मिळालं असेल. आणि त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला पोचला, तिथे तिथला बिशप अँब्रोज भेटला, आणि ३८७च्या पुनरुत्थान सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने नंतर लिहिलं की देवाने तिची त्या रात्रीची मागणी नाकारली, ती नेहमी जे मागत आली ते देण्यासाठी. त्याच वर्षी मोनिका वारली, वयाच्या ५६व्या वर्षी.

तुमचंही असंच होईल असं मी सांगणार नाही. तसं सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. सांगायचं ते इतकंच की तुम्ही देवाला दरवर्षी नाताळची तारीख देता. मोनिकेनेही त्या रात्रीची वेळ दिली होती. मागणं सोडू नका, तारीख सोडा. तारीख दिली की २६ डिसेंबर हा दरवर्षी पराभवाचा दिवस होतो, आणि तो पराभव तुम्ही देवाच्या आणि मुलाच्या, दोघांच्या नावावर मांडता.

तुम्ही काही करावं का? हो, करा. दाखल्यातला बाप गेला नाही म्हणून आईने पत्रही लिहू नये असा त्याचा अर्थ नाही. त्याने घराचं दार उघडं ठेवलं होतं, आणि दार उघडं आहे हे मुलाला माहीत होतं. म्हणून तर सगळं उधळून डुकरं राखायची वेळ आल्यावर त्याला घर आठवलं. तुमच्या मुलाला ते माहीत आहे का?

वचनाची चित्रं उद्यापासून बंद. मला कल्पना आहे, त्यामागे सहा वर्षांची माया आहे. पण तिकडे काय पोचतं ते बघा. रोज सकाळी आईच्या नावाने मेसेज येतो आणि त्यात आई कुठेच नसते. सूर्योदय असतो, कबुतर असतं, वचन असतं. त्याला ते एका वाक्यासारखं ऐकू येतं: तू अजून चुकतोच आहेस. मी त्याच्या जागी असते तर मीही उघडलं नसतं.

त्याऐवजी एक पत्र लिहा, कागदावर, हाताने, एका पानाच्या आत. त्यात वचन नको, 'आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो' नको, 'कधी येतोस' तर नकोच. साधारण असं:

"बाळा, परवा माळ्यावर तुझ्या शाळेच्या वह्या सापडल्या. भूगोलाच्या वहीत नकाशे कमी आणि विमानं जास्त आहेत. जपून ठेवल्या आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी बरी आहे. त्या रात्री तुमचं भांडण चाललं होतं तेव्हा मी मध्ये बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्याचं वाईट वाटतं. उत्तराची घाई नाही. आई."

शेवटच्या ओळी तुमच्या बाबतीत खऱ्या असतील तरच लिहा. आणि वडिलांच्या वतीने काही लिहू नका. तुमच्या पत्रात ते पहिल्या दोन ओळींत भांडतात आणि मग दिसतच नाहीत, ते मला खटकलं. पत्र पाठवण्याआधी त्यांना दाखवा. त्यांना खाली एक ओळ लिहायची असेल तर लिहू दे. नसेल तर आग्रह नको. पत्र टाकलं की तुमच्या हातातलं काम संपलं. पोचलं का, वाचलं का, हे कोणाकरवी काढून घ्यायचं नाही. पुढचं पत्र सहा महिन्यांनी, तोच सूर, तेवढंच छोटं.

आणि रोजचं? तुम्ही विचारलंत ना, धीर धरायचा कसा. मला वाटतं धीर नुसता धरून धरता येत नाही. दिवस भरावा लागतो. तुमच्या भिंतीवर यिर्मया २९:११ असेलच, बहुतेक घरांत असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, वगैरे. त्याच्या आधीचं दहावं वचन भिंतीवर कोणी लावत नाही, कारण त्यात ७० वर्षं आहेत. लोकांना बाबेलमध्ये धरून नेलं होतं, आणि इकडे यरुशलेमेत हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सांगितलं होतं, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना ते आवडलं असणार. यिर्मयाने बाबेलमधल्या लोकांना कळवलं, नाही, ७० वर्षं. आणि तोवर काय करा? घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं भलं पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. देवाने त्यांना वाट पाहायला सांगितलं आणि हातात फावडं दिलं.

तुमच्या पत्रात बागेची जागा मला एकाच ओळीत दिसली. "मुलगी-जावई जवळच राहतात, त्यांचं ठीक चाललंय." संपलं. जी घर सोडून गेली नाही तिला एक ओळ, तीही शेवटची. लूकच्या त्या दाखल्यात थोरला मुलगा मेजवानीत आला नाही, बाहेरच थांबला, आणि बाप त्याच्याचसाठी उठून बाहेर गेला, त्याची समजूत घालू लागला. धाकट्यासाठी थांबणारा बाप थोरल्यासाठी मात्र चालत गेला, हे लक्षात घ्या. तुमच्या मुलीने सहा वर्षं आईला भावासाठी रडताना पाहिलं आहे. तिला काय वाटतं, हे कधी विचारलंत? या आठवड्यात तिच्याकडे जा, आणि गेल्यावर मुलाचा विषय तुम्ही काढू नका. तिचं ठीक चाललंय का, ते तिलाच सांगू दे.

पहाटेच्या प्रार्थनेतही एक बदल करून बघा. "त्याला घरी आण" हे रविवारी म्हणा. बाकीचे सहा दिवस तो आज जिथे आहे तिथला माणूस म्हणून त्याच्यासाठी मागा: त्याची झोप, त्याचं काम, त्याच्या पाठीशी उभा राहणारा एखादा मित्र, त्याचं चुकलंच तर सांभाळून घेणारा साहेब. तुम्हाला त्याच्या आयुष्याची माहिती नाही, तरी मागता येतं. सहा वर्षांत तो बदलला असेल. तुम्ही ज्याच्यासाठी प्रार्थना करता तो अजून घर सोडतानाचाच मुलगा आहे. उद्या खरोखर दारात आला तर येणारा दुसराच कोणी असेल, आणि त्याची ओळख आत्तापासून झालेली बरी.

तो आलाच नाही तर? हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण तो पत्रभर आहे. इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय विश्वासवीरांची नावं सांगतो, आणि पुढे साफ म्हणतो की या सगळ्यांना वचनानुसार जे मिळायचं होतं ते हयातीत मिळालं नाही. त्यांनी ते दुरून पाहिलं. त्यांना कमी विश्वासाचे म्हटलेलं नाही. याहून गोड उत्तर माझ्याकडे नाही, आणि असतं तरी मला त्याची खात्री वाटली नसती. रात्रीची झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते केल्याने विश्वासात काही उणं येत नाही.

राहिली ती प्रार्थना सभा. जळफळाट होतो म्हणून मागच्या दाराने निघून जाऊ नका. पुढच्या वेळी साक्षीची वेळ झाली की उभ्या राहा आणि सांगा: माझा मुलगा सहा वर्षांपासून घरी आलेला नाही, मी अजून मागते आहे, तुम्हीही मागा. बस, खाली बसा. तीही साक्षच आहे, आणि त्या खोलीत तशी साक्ष ऐकायला आसुसलेलं आणखी कोणीतरी असणारच. फक्त पाळकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही खाली बसताच ते घाईघाईने गीत सुरू करतील.